किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत वेलींची गणना कशी करावी

उष्णकटिबंधातील बहुतेक डोंगरांवर पायथ्याकडून माथ्याकडे जाताना लाकडी खोडाच्या महावेलींची संख्या आणि त्यांच्या जाती कमी होत जातात. सखल भागातील दमट जंगलांत लाकडी वनस्पतींच्या एकूण जातींपैकी ढोबळमानाने चौथा हिस्सा महावेलींचा असतो, आणि उंचीबरोबर हा वाटा घसरत जातो. त्याचे नेहमी दिले जाणारे कारण वेलीच्या खोडात आहे. वेलीला स्वतःचे वजन पेलायचे नसल्याने ती आधारासाठीच्या लाकडावर फारसा खर्च करत नाही. त्याऐवजी तिच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या रुंद नलिका असतात. उन्हाळ्यात रानात वावरणारी माणसे उक्शीचे खोड तोडून तहान भागवतात, तेव्हा जी धार लागते ती याच नलिकांतली असते. पाणी गोठण्याइतकी थंडी पडली की अशा नलिकांत हवेचे बुडबुडे अडकून प्रवाह तुटतो, आणि नलिका जितकी रुंद तितका हा धोका मोठा असतो.

हे स्पष्टीकरण कोकणाला जसेच्या तसे लावता येत नाही. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून सावंतवाडी, दाणोलीमार्गे आंबोलीपर्यंत चढले तरी उंची सुमारे ६९० मीटर भरते. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस या हिशेबाने तापमानातील सरासरी फरक साडेचार अंशांच्या आसपास येतो, आणि आंबोलीला पाणी गोठत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात खरे, पण ते ठिकाण जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. अँडीज पर्वतातील अभ्यासांच्या मापाने पाहिले तर आपला संपूर्ण घाट हा पायथाच ठरतो. तरीही पायथ्याच्या राईतल्या वेली आणि घाटमाथ्यावरच्या वेली वेगळ्या दिसतात. हा फरक उंचीचा किती, पावसाचा किती, वाऱ्याचा किती आणि कोयत्याचा किती, हे वेगळे करता येईल अशा रीतीने गणना आखणे, हाच या कामातला अवघड भाग आहे. बाकीचे चिकाटीचे काम आहे.

जागा निवडताना पहिली अडचण येते ती पायथ्याशी. कोकणपट्टीत शंभर-दीडशे मीटरांच्या खाली मूळ जंगल फारच थोडे उरले आहे. बरीचशी जमीन काजू-आंब्याच्या बागांखाली आहे, दोडामार्गाकडे रबराची लागवड आहे, आणि जे रान दिसते त्यातील पुष्कळसे मालकीचे असून ते ठरावीक वर्षांनी तोडले जाते. काजूच्या बागेत दरवर्षी बेणणी होते आणि तीत वेली सर्वांत आधी जातात. उलट तोडून सोडलेल्या रानात उजेड भरपूर मिळाल्याने वेलींचे रान माजते. म्हणजे पायथ्याला बाग मोजली तर वेली खोट्या कमी दिसतील आणि पडीक रान मोजले तर खोट्या जास्त. त्यामुळे सखल भागातील पट्टे, म्हणजे ज्यांत वेली मोजायच्या त्या आखलेल्या अरुंद जागा, शक्यतो देवराईतच घ्यावेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत देवराया मोठ्या संख्येने आहेत, आणि जुन्या झाडांवर चढलेली गारंबी किंवा उंबळी सखल भागात पाहायची असेल तर राईइतकी चांगली जागा नाही. मात्र राई क्षेत्राने लहान असते आणि तिच्या कडेला उजेड शिरतो, म्हणून पट्टा कडेपासून जितका आत घेता येईल तितका घ्यावा.

मधल्या उतारावर, साधारण दोनशे ते पाचशे मीटरांच्या दरम्यान, चढण इतकी तीव्र आहे की तिथे बाग किंवा शेती करणे कठीण जाते, आणि जंगल बऱ्यापैकी शाबूत राहते. येथे धोका घाटरस्त्याचा असतो. रस्त्यासाठी डोंगर कापला की त्या कडेला वेलींचा पडदा तयार होतो आणि गाडीतून पाहणाऱ्याला सगळा घाट वेलींनी भरलेला वाटतो. पट्टा रस्त्यापासून किमान पन्नास मीटर, आणि जमेल तिथे शंभर मीटर, दूर ठेवावा. माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचे ठेंगणे सदाहरित जंगल आणि त्याच्यालगत उघडे सडे असतात. सड्यावर चढायला झाडच नसल्याने तो गणनेत धरू नये. उंचीच्या प्रत्येक टप्प्यात शक्य तेवढे कमी तोडलेले, तुलनेने सारख्या वयाचे जंगल निवडावे. तसे मिळत नसेल तर तो टप्पा रिकामा ठेवलेला चालतो. भलत्याच जंगलाने भरलेला टप्पा मात्र सगळा आलेख बिघडवतो.

उंचीचे टप्पे शंभर-शंभर मीटरांचे ठेवणे आपल्याकडे सोयीचे जाते. उंची मोजण्यासाठी मोबाइल वापरायचा असेल तर आधी तो समुद्रावर नेऊन तपासावा. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते आणि कोकण किनाऱ्यावर ती खऱ्या समुद्रसपाटीपेक्षा साठ मीटरांहून अधिक कमी येते. काही ॲप ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत. पुळणीवर उभे राहिल्यावर मोबाइल उणे साठ-सत्तर दाखवत असेल तर तेवढा फरक सगळीकडे मिळवावा लागेल, नाहीतर टप्पाच चुकेल. दाट झाडीखाली उपग्रहाचा संकेत डगमगतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरील समोच्च, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषांशी वाचन ताडून पाहावे. हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक अचूक असते, पण पावसाळ्यात दाब तासातासाला बदलतो; ते वापरायचे तर सकाळी व संध्याकाळी उंची ठाऊक असलेल्या ठिकाणी पुन्हा जुळवून घ्यावे.

पट्ट्यांसाठी अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ॲल्विन जेन्ट्री यांची पद्धत आजही सर्वांत सुटसुटीत आहे. प्रत्येकी ५० मीटर लांब आणि २ मीटर रुंद असे दहा पट्टे मिळून एक हजार चौरस मीटर, म्हणजे एक दशांश हेक्टर क्षेत्र होते. जेन्ट्रींनी अडीच सेंटिमीटर व त्याहून अधिक व्यासाची खोडे मोजली आणि जगभरच्या जंगलांत याच मापाने माहिती गोळा झाली, त्यामुळे आपली आकडेवारी इतरांशी ताडून पाहता येते. घाटात पट्टा चढणीवर उभा न टाकता समोच्च रेषेने आडवा टाकावा. तसे केल्याने पट्ट्याची उंची एकच राहते आणि लांबी मोजताना उताराची दुरुस्ती करावी लागत नाही. रुंदी मात्र उतारावर पडते. तीस अंशांच्या उतारावर दोन मीटर फीत जमिनीला चिकटवून धरली तर पट्टा सुमारे १३ टक्क्यांनी लहान भरतो. यावर साधा उपाय असा की मध्यरेषेवर सुतळी ताणावी आणि दोन्ही बाजूंस एक मीटरची काठी जमिनीवर न टेकवता पातळीत आडवी धरावी. काठीच्या टोकाखाली जी जागा येते ती पट्ट्याची हद्द.

पट्ट्यात कोणती वेल धरायची याचा निकष एकच असावा, आणि तो म्हणजे वेलीचे मूळ पट्ट्याच्या आत असणे. वरून लोंबणारी, पण बाहेर रुजलेली वेल मोजू नये. उलट, आत रुजून बाहेरच्या झाडावर गेलेली वेल मोजावी. गारंबीसारखी वेल जमिनीवर लोळत जाते, मध्येच मुळे धरते आणि पुन्हा वर चढते. अशा वेळी जमिनीच्या वर दिसणारा जोड असेल तर ती एकच वेल समजावी आणि जोड दिसत नसेल तर वेगळी. खणून पाहू नये. बांडगूळ, ऑर्किड, झाडाला आवळणारे वड-पिंपळ आणि मुळांविना जगणारी अमरवेल ही वेगळी मंडळी आहेत. ती या यादीत घेऊ नयेत. किनाऱ्यावर सुरुवात करणाऱ्यांनी मर्यादवेलीलाही वगळावे, कारण ती पुळणीवर पसरते, चढत नाही. खारफुटीवर चढणारी करंजवेल ही खरी चढणारी वेल आहे, पण भरती-ओहोटीच्या रानाचे नियम निराळे असल्याने खाजणातील नोंदी शून्य ते शंभर मीटरांच्या टप्प्यात मिसळू नयेत. त्यांचे पान वेगळे ठेवावे.

व्यास मोजताना महावेलींबाबत झाडांचा नियम तसाच लावता येत नाही. झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घेतात. वेलीचा घेर तिच्या मुळापासून खोडाच्या वळणाने १.३ मीटर अंतर मोजून, त्या जागी घ्यावा, मग ती जागा जमिनीवर आडवी पडलेली का असेना. अडीच सेंटिमीटर व्यास म्हणजे ७.९ सेंटिमीटर घेर. एक सेंटिमीटर व्यास म्हणजे सुमारे ३.१. शक्य असल्यास एक सेंटिमीटरपासूनची सगळी खोडे मोजावीत, कारण मोठ्या मापाची आकडेवारी त्यातून नंतर गाळून घेता येते, पण न मोजलेले परत मिळत नाही. गारंबीचे जुने खोड चपटे होऊन पिळलेल्या दोरखंडासारखे वळलेले असते. त्यावर फीत गुंडाळून आलेला घेर फसवा असतो. अशा खोडाची रुंद आणि अरुंद अशी दोन्ही मापे कॅलिपरने घेऊन सरासरी लिहावी. ज्या जागी मोजले तिथे रंगाचा ठिपका द्यावा.

नावाइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची नोंद ही वेल कशी चढते याची असते, आणि दुर्दैवाने बहुतेक याद्यांत हा रकानाच नसतो. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली लिनियन सोसायटीच्या पत्रिकेत चढणाऱ्या वनस्पतींचे जे गट पाडले, ते थोड्या फेरफाराने आजही चालतात. खोडाने वेढे घालणाऱ्या वेलींत गुळवेल, अनंतमूळ आणि कारांदा येतात. वेढ्यांची दिशाही लिहावी. कारांदा आणि कोनफळ हे एकाच प्रजातीतील (जीनसमधील) असूनही विरुद्ध दिशांना वळतात, आणि पाने सुकलेली असताना एवढ्यावरूनही ओळख पटते. तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे बारीक धागे, असलेल्या वेलींत घोटवेल आणि कर्टोली मोडतात. घोटवेलीचे पान हातात घेऊन देठाच्या तळाशी पाहिले तर तिथून दोन बारीक तणावे दोन बाजूंना निघालेले दिसतात. कर्टोलीचा तणावा मात्र एकेरी असतो. पानाने पकडणाऱ्यांत कळलावी पानाच्या टोकाने, तर मोरवेल देठाने आधाराला विळखा घालते. काट्यांनी अडकून वर सरकणाऱ्यांत वाकेरी, शिकेकाई आणि दक्षिण कोकणातील ओलसर ओढ्यांकाठचा वेत हे ठळक होत. मुळांनी बुंध्याला चिकटणाऱ्यांत रानमिरी आणि पोथॉस स्कँडेन्स यांचा समावेश होतो.

ही विभागणी घाटात उपयोगी पडते, कारण प्रत्येक गटाची गरज वेगळी असते. तणाव्याला आणि पानाच्या पकडीला बारीक फांद्या लागतात, म्हणून अशा वेली उजेडाच्या कडेला आणि विरळ रानात वाढतात. वेढे घालणाऱ्या वेलीला फार जाड बुंधा कवेत घेता येत नाही. मुळांनी चिकटणारी वेल कितीही जाड बुंध्यावर चढते, पण तिला ओलावा आणि सावली हवी असते. त्यामुळे एकूण जाती उंचीबरोबर कमी होत असतानाही मुळांनी चिकटणाऱ्या वेली ओलसर, धुकट उतारावर वाढलेल्या आढळू शकतात. सगळे गट एकाच बेरजेत घातले की ही गोष्ट नजरेतून निसटते. म्हणून प्रत्येक वेलीसमोर तिने धरलेल्या झाडाचा घेर आणि उंची लिहावी. माथ्यावर वाऱ्यामुळे झाडे ठेंगणी राहतात, छत खाली येते, आणि गारंबीसारख्या महावेलीला जो उंच मांडव लागतो तो तिथे मिळत नाही. वेल कमी आहे ती गारव्यामुळे की झाड ठेंगणे असल्यामुळे, हे सांगायचे तर छताची उंची मोजलेली असलीच पाहिजे.

लहान रोपांविषयी एक सावधगिरी ठेवावी. पुष्कळ महावेली सुरुवातीची काही वर्षे स्वतःच्या पायावर, झुडपासारख्या उभ्या राहतात. उक्शी तर मोकळ्या जागी मोठेपणीही झुडूप होऊन राहते. आधार न धरलेली अशी रोपे वेगळ्या रकान्यात लिहावीत. ती झुडपे म्हणून सोडून दिली तर सखल भागातील आकडा खाली येतो.

गणना एकाच फेरीत होत नाही. कारांदा, शेंडवेल, कळलावी, कर्टोली यांचे वेल पावसाळ्यात उगवतात आणि नंतर वाळून जातात. जमिनीखाली कंद तेवढा उरतो. त्यांच्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबर हा काळ चांगला. महावेलींची ओळख पटण्यासाठी फुले-फळे लागतात, आणि उक्शी, कुसर यांची फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी किंवा उन्हाळ्यात दिसतात, म्हणून दुसरी फेरी फेब्रुवारी ते मे या काळात घ्यावी. दोन्ही फेऱ्या प्रत्येक टप्प्यावर व्हायला हव्यात. पायथा उन्हाळ्यात आणि माथा पावसाळ्यात मोजला, तर उंचीचा फरक आणि ऋतूचा फरक कायमचा एकमेकांत गुंततो. ओळख न पटलेल्या वेलीला तात्पुरता क्रमांक देऊन पानाच्या दोन्ही बाजू, देठ, साल, चीक आहे की नाही, आणि चढण्याचे अवयव यांची छायाचित्रे घ्यावीत. नमुना घेण्याची परवानगी असेल तर तो पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहता येतो.

परवानगी हा कागदी सोपस्कार समजू नये. राखीव वनात किंवा अभयारण्यात वनविभागाचे लेखी पत्र लागते. मालकीच्या रानात मालकाला विचारावे लागते. देवराईत गावकार आणि मानकरी यांना भेटल्याशिवाय जाऊ नये. काही गावांत देवाला गाऱ्हाणे घालूनच आत सोडतात, काही ठिकाणी चपला बाहेर ठेवाव्या लागतात, आणि जिथे पडलेले पानही उचलत नाहीत तिथे नमुना मागूच नये. अंगभर कपडे घालावेत, कारण खाजकुयलीच्या शेंगांची लव अंगाला लागली की काम तिथेच थांबते. पावसाळ्यात जळवा असतात आणि जांभ्या दगडाच्या रानात फुरसे असते, म्हणून हात टेकण्यापूर्वी जागा पाहावी. दोडामार्ग आणि बांद्याच्या परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले असून तो गोचिडांमुळे पसरतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असल्याने नेमक्या दुसऱ्या फेरीच्या दिवसांत आरोग्य केंद्रात चौकशी करावी, अंगाला गोचीडरोधक औषध लावावे, आणि मेलेले माकड दिसले तर त्या रानातून मागे फिरून वनविभागाला कळवावे.

आकडेवारी हाती आल्यावर जातींची नुसती मोजदाद करून आलेख काढण्याचा मोह होतो. तसे करू नये. समजा, पायथ्याच्या टप्प्यात ३०० खोडांमध्ये २८ जाती मिळाल्या आणि माथ्यावर ९० खोडांमध्ये १६. जास्त खोडे मोजली की जास्त जाती सापडणारच. म्हणून पायथ्याच्या ३०० खोडांतून कोणतीही ९० खोडे संगणकाकडून पुन्हा पुन्हा उचलून घ्यावीत आणि दर खेपेस किती जाती येतात त्याची सरासरी काढावी. ती सरासरी १७ च्या आसपास आली, तर माथ्यावर जातींची विविधता खरे म्हणजे घटलेली नाही, केवळ वेलींची गर्दी घटली आहे, असा अर्थ होतो. २४ आली, तर विविधताच घटली आहे. या दोन निष्कर्षांची कारणे वेगळी असतात, आणि ते एकमेकांत मिसळणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक आहे.

त्यानंतर दोन टप्प्यांतील जाती किती सारख्या आहेत ते पाहावे. दोन्हीकडे असलेल्या जातींची दुप्पट करून तिला दोन्ही टप्प्यांतील जातींच्या बेरजेने भागले की सोरेनसेन निर्देशांक मिळतो. एका टप्प्यात १८, दुसऱ्यात १४ आणि दोन्हीकडे मिळून समाईक ८ जाती असतील, तर १६ भागिले ३२, म्हणजे ०.५. शेजारशेजारच्या टप्प्यांमध्ये हा आकडा जिथे एकदम कोसळतो, तिथे जंगलाचा पोत बदलतो. ते ठिकाण नकाशावर शोधून तिथली माती, छताची उंची आणि पावसाळ्यातील ढगांची सर्वसाधारण पातळी पाहावी. किनाऱ्यावर साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तर आंबोलीला सात हजारांच्या घरात, पण दोन्हीकडे तो बहुतांशी चार महिन्यांतच पडतो. लांब कोरडा काळ महावेलींना उलट मानवतो, कारण खोल मुळे आणि रुंद नलिका यांच्या बळावर त्या झाडे थबकलेली असताना वाढत राहतात. त्यामुळे वाढत्या पावसाबरोबर महावेली वाढतीलच असे गृहीत धरू नये. कोरडा काळ जितका तीव्र, तितक्या त्या अधिक, असे अनेक खंडांतील जंगलांत दिसून आले आहे.

आलेखात मधल्या टप्प्यावर फुगवटा दिसला, तर त्याचे श्रेय लगेच उंचीला देऊ नये. पायथा आणि माथा ही दोन टोके असल्याने जातींचे पल्ले, म्हणजे प्रत्येक जात ज्या उंचीपासून ज्या उंचीपर्यंत आढळते ती अंतरे, मध्यभागी अधिक येऊन पडतात, हा भूमितीचा परिणाम एक. आणि मधला उतार तीव्र असल्यामुळेच तो कवळतोडीतून (राबासाठी फांद्या तोडण्यातून) आणि बागांमधून सुटला, हे दुसरे. दुसऱ्या शक्यतेची चाचणी घेण्यासाठी प्रत्येक पट्ट्यात तोडलेले बुंधे मोजून ठेवावेत आणि वेलींचा आकडा उंचीऐवजी बुंध्यांच्या आकड्यासमोर मांडून पाहावा. संबंध तिथे अधिक घट्ट दिसला, तर आपण मोजत होतो तो कोयता होता. दाणोलीच्या बाजूचा आणि माथ्यापलीकडचा, म्हणजे चौकुळकडचा, असे दोन वेगवेगळे उतार मोजता आले तर निष्कर्ष अधिक भक्कम होतो, कारण एकच घाट म्हणजे एकच नमुना, त्यात पट्टे कितीही असोत.

मोजलेल्या महावेलींना ॲल्युमिनिअमचे क्रमांक लावायचे असल्यास ते खिळ्याने ठोकू नयेत. सैल तारेने अडकवावेत, म्हणजे खोड जाड झाल्यावर तार रुतत नाही. पट्ट्याच्या दोन्ही टोकांची स्थाननोंद, सुतळीची दिशा आणि जवळच्या कायम खुणेपासूनचे अंतर वहीत लिहावे. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावी, कारण लोकजैवविविधता नोंदवहीत वेलींचा भाग बहुधा औषधी चार-पाच नावांवर थांबलेला असतो. त्याच पट्ट्यांवर पाच वर्षांनी परत जाऊन त्याच ठिपक्यांवर फीत लावावी.